हाक मारणारं संगीत

तमाशाच्या फडात गण सुरू व्हायच्या आधी ढोलकी-हलगी बराच वेळ झडत राहतात. त्या वाजण्याचा पुढच्या वगाशी काडीचा संबंध नसतो. गावातल्या शेवटच्या घरापर्यंत वर्दी जावी आणि लोकांनी जेवणं उरकून निघावं, एवढंच त्यांचं काम. कार्टूनच्या शीर्षकसंगीताकडे बघतानाही हेच माप वापरावं, असं मला वाटतं: हे संगीत कोणाला बोलावतंय, आणि किती लांबून?

अमेरिकेतली जुनी कार्टून्स थिएटरात दाखवली जात. प्रेक्षक तिकीट काढून खुर्चीत बसलेलाच असे, त्याला वेगळं बोलावणं कशाला? त्यामुळे ‘लूनी ट्यून्स’ची सुरुवात काही सेकंदांत आटोपते. 1937 सालचं एक तयार गाणं संगीतकार कार्ल स्टॉलिंगने शीर्षकासाठी उचललं. पण कानात राहतो तो त्याच्याही आधीचा स्टील गिटारचा झटका. फ्रेडी टावारेस या हवाईयन वादकाने स्वर एका दमात असा खेचलाय की पुढे कोणीतरी कड्यावरून पडणार, हे चित्र दिसायच्या आधीच कळतं. स्टॉलिंग मूकपटांना ऑर्गनची साथ करत तयार झालेला माणूस. पडद्यावर पाऊल पडलं की स्वर टाकायचा, ही सवय त्याच्या हातात मुरलेली होती.

कार्टून टीव्हीवर आलं आणि हिशेब उलटा झाला. टीव्ही बाहेरच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, पोरं अंगणात. आता हाक मारणं भाग होतं, आणि धावत आलेल्याला गोष्ट कसली आहे तेही सांगायला हवं होतं. ‘फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका 1960 मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिले दोन हंगाम तिला शब्दांविना वाद्यसंगीत होतं. हॉइट कर्टिनचं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं गाणं तिसऱ्या हंगामात, 1962 मध्ये आलं. पात्रांची ओळख करून देणारी शीर्षकगीतांची पद्धत मग रुळलीच. हेन्री मॅन्सिनीचा ‘पिंक पँथर’ हा याला अपवाद. प्लास जॉन्सनच्या सॅक्सोफोनला शब्दांची गरज पडली नाही. अर्थात, ती धून मुळात 1963 च्या मोठ्यांच्या चित्रपटासाठी केलेली होती.

टीव्हीची ही हाक आमच्या जालन्यात उशिरा पोचली. हा जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. इथे टीव्ही पोचला तो त्यानंतरच्या वर्षांत, तोही दूरदर्शन नावाच्या एकाच वाहिनीसह. गल्लीत दोन-चार घरी संच, गच्चीवर अँटेना फिरवणारा एकजण, खालून ‘आलं, आलं, आता हलवू नको’ असं ओरडणारा दुसरा, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. ‘हाक’ या शब्दाचा अर्थ इथे शब्दशः घ्यावा. 1993 मध्ये रविवारी सकाळी ‘जंगल बुक’मधला मोगली सुरू झाला, तेव्हा शीर्षकगीत वाजायला लागलं की शेजारच्या घरातली पोरं चपला न घालता पळत. मालिका जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची. पण दूरदर्शनने जपानी गाणं बाजूला ठेवून गुलजारांकडून नवं लिहून घेतलं आणि चाल बांधायला विशाल भारद्वाज या तेव्हा फारशा कोणाला माहीत नसलेल्या संगीतकाराला सांगितलं. आवाज अमोल सहदेव या मुलाचा. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. घोटून गुळगुळीत केलेला प्रौढ गळा तिथे असता, तर ते गाणं चार दिवसांत विरलं असतं. त्यातल्या ‘चड्डी’ या शब्दाला आक्षेप घेतला गेला, पण गुलजार हटले नाहीत. मुलांसाठी लिहिताना कुठे अडून बसायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

भाषा हिंदी असूनही जालन्यात ते परकं वाटलं नाही. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बाजारात एकाच दुकानावर मराठी, दखनी आणि मारवाडी ऐकू येणाऱ्या गावातल्या पोराला गुलजारांची हिंदी कशी अडेल? शिवाय मालिकेतल्या शेरखान वाघाला आवाज होता नाना पाटेकरांचा.

खरं तर मराठी माणसं मुलांच्या अ‍ॅनिमेशनच्या प्रांतात आधीपासून होती. 1974 च्या ‘एक अनेक और एकता’ या छोट्या अ‍ॅनिमेशनपटाचं दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं आणि गाणारी मुलगी पुढे साधना सरगम म्हणून नावाजली. ताई-भावाच्या प्रश्नोत्तरांतून ते गाणं असं उलगडतं की धडा चाललाय हे पोरांना जाणवतही नाही. हे शीर्षकगीत नव्हे, मान्य. पण मुलांसाठी चाल बांधताना सुलभ आणि बाळबोध यांतला फरक कसा सांभाळावा, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आजची स्थिती मला बरी वाटत नाही. ‘मोटू पतलू’ या कार्टूनसाठी 2012 मध्ये पुन्हा गुलजारच होते, संगीत संदेश शांडिल्य यांचं आणि आवाज सुखविंदर सिंगचा. गाणं खणखणीत आहे, पण त्याला कोणाला बोलवायचंच नाही. तेच भाग दिवसभर फिरत असतात, एक हुकला तर दुसरा आहेच. मोबाइलवर तर सुरुवात ओलांडायचं बटणच दिलेलं असतं, आणि जालना जिल्ह्यातलं अंबड काय, परतूर काय, तीन वर्षांच्या पोराचं बोट त्यावर बरोबर पडतं. जे ओलांडलंच जाणार, त्यावर कोणता निर्माता वादकांचा ताफा बसवील? म्हणून बहुतेक ठिकाणी संगणकावरचा ठेका आणि त्यावर नायकाच्या नावाचा गजर, एवढ्यावर भागतं.

मराठीपुरती तक्रार वेगळी आहे. शीर्षकगीत ही कला आपल्याकडे नव्हती असं नाही. 1999 मध्ये ‘आभाळमाया’ या मालिकेसाठी गीतकार मंगेश कुळकर्णी, संगीतकार अशोक पत्की आणि गायिका देवकी पंडित एकत्र आले आणि ते गाणं मालिकेपेक्षा जास्त टिकलं. जाहिरातींच्या जिंगल्स करून करून पत्कींना काही सेकंदांत कान पकडायची विद्या साधली होती, आणि कार्टूनला नेमकी हीच विद्या लागते. पण ती सगळी मोठ्यांच्या मालिकांवर खर्च झाली. पोरांच्या तोंडी रुळलेलं, मुळातच मराठी कार्टूनसाठी बांधलेलं एकही शीर्षकगीत माझ्या माहितीत आपल्याजवळ नाही. पोरांच्या वाट्याला आलं ते डबिंग, म्हणजे दुसऱ्याच्या चालीत कोंबलेले मराठी शब्द, आणि त्यांत ऱ्हस्वाचं दीर्घ झालं तरी कोणी हरकत घेत नाही.