अर्ध्या मिनिटाची आमटी

गेल्या होळीला आमच्या हातून एक चित्रपट झाला. लांबी अर्धा मिनिट, नायिकेचे वय वर्षे चौऱ्याऐंशी आणि कथानक कटाची आमटी.

चित्रण मी सदाशिव पेठेत आत्याच्या ओट्यापाशी उभा राहून केले. ते भरले चौदा मिनिटे. "मामा, चौदा मिनिटं कोण बघतंय?" असे म्हणत भाचीने माझ्या फोनमध्ये व्हिडिओ कापाय-जोडायचे एक अ‍ॅप घालून दिले. वर "तुलापण जमेल" असे प्रशस्तिपत्रही दिले. त्यातल्या 'पण'कडे मी दुर्लक्ष केले.

जमले, हे आधी कबूल करतो. खाली चित्रांची एक पट्टी असते. बोट ठेवले की ती तुटते, टोक धरून ओढले की लांबते, चुकले तर उलट्या बाणावर टिचकी मारायची की सारे पूर्ववत. गाणे घाला, अक्षरे घाला, वेग वाढवा. ज्याला जन्मात ब्राऊन पेपर सरळ कापता आला नाही, त्याच्या हाती इतकी बिनधोक कात्री पूर्वी कोणी दिली नव्हती. जुन्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मला सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट लागत. आत्याची आमटी बाराशे साठ फूट भरली असती. ओट्यावरून निघून, जिना उतरून, कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत पोचली असती.

"आता इथं कट कर," भाची म्हणाली.

"कट आत्यानं मघाशीच काढून ठेवलाय!"

या विनोदाला कोणी हसले नाही. भाचीने मग 'शांतता काढा' अशा अर्थाचे एक बटण दाबले. बोलणे जिथे थांबले होते तो प्रत्येक तुकडा अ‍ॅपने आपणहून उडवला, उरलेले ढोलाच्या ठेक्यावर बसवले, आणि अर्ध्या मिनिटात चिंच, गूळ, गोडा मसाला, खोबरे अशी पळापळ होऊन आमटीला उकळी फुटली. मी थक्क झालो. लगेच फोन आत्यापुढे धरला.

आत्याने चष्मा लावून पाहिले. पुन्हा पाहिले. म्हणाली, "अरे, मीठ राहिलं!"

मीठ तिने घातले होते, पण न बोलता. नैवेद्याची आमटी चाखायची नसते. म्हणून ती मीठ टाकते, पातेल्यावर वाकते, वास घेते, उकळीचा रंग बघते आणि अकरा सेकंदांनी म्हणते, "पुरे." चौदा मिनिटांतली खरी पाककृती ती तेवढीच. बाकीचे कुठल्याही पुस्तकात मिळते. अ‍ॅपने नेमके तेच 'काही घडत नाही' म्हणून काढून टाकले होते.

कापण्याला माझी हरकत नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचा वेल कसा वाढतो ते महिनाभर थोडे थोडे टिपून मिनिट-दोन मिनिटांत दाखवले होते. महिना गेला, पण वाढ राहिली. मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या कामाला 'संकलन' म्हणतात. संकलन म्हणजे गोळा करणे. प्रभात कंपनीच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, तिथे हे काम रीतसर शिकवतात. आमच्या अ‍ॅपचे चिन्ह मात्र कात्री! काय टाकावे ते त्याला झटकन कळते. काय राखावे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. आवाज नाही तिथे काही नाही, एवढेच त्याचे सौंदर्यशास्त्र.

बरे, जागा कमी म्हणावे तर तसेही नाही. २०२०च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले; दुकान बदलले, घाई तीच राहिली. २०२४च्या ऑक्टोबरात यूट्यूबने शॉर्ट्सची मर्यादा साठ सेकंदांवरून तीन मिनिटांवर नेली. तीन मिनिटांत अकरा सेकंद सहज मावतात. ठेवणारा हवा.

मी उलट्या बाणावर टिचकी मारली. ढोल गेला, मीठ परत आले, पाठोपाठ ते अकरा सेकंदही आले. बाकीचे माझ्या मी कापले. व्हिडिओ दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा झाला. "मामा, लोक मधेच सोडून जातील," भाची म्हणाली. जाऊ देत.

पुढच्या होळीला तिने स्वतः आमटी करायला घेतली. फोन ओट्यावर उभा होता. मीठ टाकून ती पातेल्यावर वाकली आणि चक्क गप्प उभी राहिली.

मी मोजले नाही. आत्या मोजत असावी. कारण "पुरे" दोघी एकदमच म्हणाल्या.