गुणवत्तेचे मानक आणि टिपेतला शिक्षक

घनसावंगी तालुक्यातील एका शाळेत विज्ञानमेळाव्यासाठी गेलो असता दारावरच 'आयएसओ ९००१ मानांकित शाळा' असा ठसठशीत फलक दिसला. आत मुख्याध्यापक संगणकावर माहिती भरण्यात गुंतले होते आणि दोन वर्ग एकच शिक्षक सांभाळत होते. फलक खोटा नव्हता, समोरचे चित्रही खोटे नव्हते. ही दोन्ही एका छपराखाली कशी नांदतात, या कुतूहलापोटी आम्ही ते मानक मुळातून वाचून काढले.

या मानकाची पहिली आवृत्ती १९८७ ची. तिचा पाया बीएस ५७५० हे १९७९ चे ब्रिटिश मानक. काम कसे करायचे ते ठरवावे, लिहून काढावे, तसेच करावे आणि केल्याचा पुरावा ठेवावा, म्हणजे गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो, असा त्यामागचा विचार. जिनिव्हाची संघटना केवळ मानक लिहिते. प्रमाणपत्रे इतर संस्था देतात. तेही मिळते कामाच्या पद्धतीला. मुलांना भागाकार येतो, असे ते सांगत नाही.

मानक अगदीच यांत्रिक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. चूक झाली की तिचे कारण शोधा, असे ते बजावते. २०१५ च्या आवृत्तीतील ७.१.४ हे कलम तर आम्ही दोनदा वाचले. काम करणाऱ्यावरचा ताण कमी असावा, तो थकून खचू नये, भेदभाव नसावा, वातावरण शांत असावे, हे सारे तेथे आहे. पण कोठे? कलमाखालच्या टिपेत! आणि टीप ही समजुतीसाठी असते, तिचे पालन सक्तीचे नसते, हे मानकानेच प्रस्तावनेत सांगितले आहे. शिवाय कलमाचा रोख सेवेच्या दर्जाकडे आहे. शिक्षकाचे स्वास्थ्य हवे ते सेवा बिघडू नये म्हणून. त्याच्यासाठी म्हणून नव्हे.

याच्या शेजारी डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग (१९००-१९९३) यांचे 'आउट ऑफ द क्रायसिस' हे पुस्तक ठेवून पाहावे. पुस्तक पसरट आहे, पुनरुक्तीही बरीच. पण त्यातील चौदा सूत्रांत भीती घालवा, घोषणाफलक काढा आणि कामाचा अभिमान वाटण्याचा हक्क माणसाला परत द्या, अशी सूत्रे आहेत. हा हक्क टिपेत नाही, सूत्रातच आहे.

डेमिंग यांचा मण्यांचा प्रयोग तर वर्गात करण्यासारखा आहे. पेटीत ३२०० पांढरे आणि ८०० तांबडे मणी. पन्नास खळग्यांची फळी बुडवून प्रत्येक कामगाराने पन्नास मणी काढायचे. तांबडा मणी म्हणजे दोष. सरासरी दहा तांबडे येणार. प्रमाण विचलन ५०×०.२×०.८ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.८. त्याच्या तिप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरले, तर दोनपासून अठरापर्यंतचा कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. तरी पर्यवेक्षक सहावाल्याची पाठ थोपटतो आणि चौदावाल्याला दम देतो! मणी नसतील तर चारशे हरभऱ्यांपैकी ऐंशी रंगवून घ्यावेत, डोळे मिटून पन्नास उचलावेत.

आता घनसावंगीकडे वळू. दिवाळी झाली की या भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात, मुलेही बरोबर जातात आणि पटावरची हजेरी घसरते. तांबडे मणी पेटीत कोणी घातले, हे गावाला ठाऊक असते. शेरा मात्र फळी धरणाऱ्या गुरुजींच्या नावे पडतो. त्यात २०१५ पासून 'सरल' प्रणालीत भरायची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ ने शिक्षकाची अशैक्षणिक कामे जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका एवढ्यांपुरती मर्यादित केली. वर्गाबाहेरच्या नोंदवह्यांना त्याने आळा बसला नाही. मानांकनाने त्यांत आणखी फायलींची भर घातली. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. पुरावा मागणारे मानक तो पुरावा गोळा करण्यात शिक्षकाचे किती तास जातात, याचा पुरावा मागत नाही.

कामाच्या जागी मनावर येणाऱ्या ताणाविषयी त्याच संघटनेने २०२१ मध्ये ४५००३ क्रमांकाचे स्वतंत्र मानक काढले. ते केवळ मार्गदर्शनपर आहे, प्रमाणपत्रासाठी लिहिलेले नाही. त्यामुळे त्याचा फलक शाळेच्या दारावर लागण्याचा संभव नाही.