स्वभाषा की परभाषा? : पहाडगंज आणि आयर्लंड

दिल्लीच्या पहाडगंजमधील नूतन मराठी शाळेभोवतीचा लोकव्यवहार हिंदीत चालतो. अशा ठिकाणी मराठी स्वभाषा म्हणून शिकवावी की परभाषा म्हणून? या संदर्भात आयर्लंडचा अनुभव उद्बोधक ठरतो. १९३७च्या संविधानाने आयरिशला पहिल्या राजभाषेचे स्थान दिले. शालान्त परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी ती १९७३पर्यंत अनिवार्य होती. तरीही बहुसंख्यांचा घरगुती व्यवहार इंग्रजीतच राहिला. परभाषेच्या अध्यापनात विद्यार्थ्याचे अज्ञान गृहीत असते. स्वभाषेच्या अध्यापनात त्याचे ज्ञान. दिल्लीत समान लिपीमुळे हा दुसरा भ्रम दुणावतो : ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. म्हणून येथे मराठीचा आरंभ परभाषेप्रमाणे श्रवण-संभाषणातून व्हावा; वाङ्मयाचा आस्वाद त्यानंतरच संभवतो.