मूस, साचा आणि सुलाख

काही वर्षांपूर्वी नाशिकमध्ये एका कथासंग्रहाच्या प्रकाशनाला मी वक्ता होतो. बोलण्याच्या ओघात म्हणून गेलो, "या कथा अनुभवाच्या मुशीतून तावून-सुलाखून निघाल्या आहेत." टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांच्या घरात तीन पिढ्या ओतकाम चालले होते.

"सर, एक विचारू का? मुशीतून निघतो तो रस. तो साच्यात गेला की वस्तू होते. आणि सुलाखायचं म्हणजे भोक पाडायचं. मग पुस्तकाचं नेमकं काय झालं म्हणालात?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना खरेच उत्तर हवे होते, आणि ते माझ्यापाशी नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी शब्दांचा हिशेब. ताव म्हणजे धातूला दिलेली आच. सुलाख म्हणजे लोखंडी सळई. नाणे किंवा चांदीची लगड आतपर्यंत खरी आहे की वरवर मुलामा चढवला आहे, हे पाहण्यासाठी ती आरपार घालत, तेच सुलाखणे. मूस म्हणजे धातू वितळवायचे भांडे, आणि साचा म्हणजे वितळलेला रस जिथे आकार घेतो ती पोकळी. बोलण्यात मूस आणि साचा कधी एकमेकांच्या जागी बसतात. भट्टीपाशी बसू शकत नाहीत. एकात धातू आकार सोडतो, दुसऱ्यात धरतो. आम्ही समीक्षकांनी वितळवणे, तापवणे आणि पारखणे ही तीन वेगळी कामे एका वाक्यात कोंबली आणि त्यांची मिळून एक स्तुती तयार केली. तीच गत 'गाभा' या शब्दाची. साहित्यकृतीचा गाभा म्हणजे तिचे सर्वांत मोलाचे अंग, असे आम्ही लिहितो. ओतकामाच्या परिभाषेत गाभा म्हणजे वस्तू पोकळ राहावी म्हणून साच्याच्या आत बसवलेला मातीचा किंवा वाळूचा भाग. काम झाले की तो फोडून टाकून देतात.

यात केवळ शब्दांची गंमत नाही. भट्टीचे शब्द आपण घेतले आणि भट्टीतले ज्ञान तिथेच सोडून आलो, असे माझे म्हणणे आहे. त्याचा सर्वांत मोठा पुरावा नाशिककरांच्या रोजच्या वाटेवर टांगलेला आहे.

पंचवटीत गोदाकाठी सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली रामेश्वराचे देऊळ बांधले. त्याच्या प्रवेशद्वारावरची घंटा देवळापेक्षा प्रसिद्ध झाली, इतकी की देवळालाही लोक नारोशंकराचेच देऊळ म्हणतात. घंटेवर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही खूण, असे सांगितले जाते. वसईच्या मोहिमेशी नाते सांगणाऱ्या अशा घंटा भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीलाही आहेत. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढले आणि नारोशंकराच्या घंटेला लागले का, हे नाशिकमध्ये आजही विचारले जाते. म्हणजे ही घंटा आपल्याला विजयाचे चिन्ह म्हणून माहीत आहे आणि पुराचे माप म्हणूनही. ती एक ओतलेली वस्तू आहे, हे मात्र तिच्यावरच्या लेखनात मला सहसा आढळलेले नाही. कुणी जिंकली, कुणी आणली, कुणी टांगली, एवढ्यावर गोष्ट संपते. कशी ओतली, हे कुणी विचारत नाही.

तेव्हाच्या युरोपातली घंटा ओतण्याची रीत अशी होती. जमिनीत खड्डा घेऊन त्यात विटा-मातीचा गाभा उभारायचा आणि आत विस्तव ठेवून तो खडखडीत वाळवायचा. त्यावर मातीचीच खोटी घंटा चढवायची, जाडीने अगदी खऱ्या घंटेएवढी. तिच्यावर बाहेरचे जाड कवच घालायचे. मग कवच उचलायचे, खोटी घंटा फोडून काढायची आणि कवच पुन्हा जागच्या जागी बसवायचे. मध्ये जी पोकळी राहिली तिच्यात रस ओतायचा. मातीत ओल राहिली तर रस शिरताच तिची वाफ होते आणि साचा फुटतो. जवळ उभ्या असलेल्या माणसांसह सगळे जाते. म्हणून या कामाचा बराच काळ आग पेटवण्याआधीच्या वाळवणीत आणि ओतल्यानंतरच्या निवण्यात जातो. मातीत पुरलेली मोठी घंटा सावकाश निवू द्यावी लागते. घाई केली तर ती तडकते, आणि तडकलेल्या घंटेचा आवाज सगळ्या गावाला कळतो.

घंटेचे कांसे म्हणजे तांबे आणि साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे जास्त कथील. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. एवढे कथील घातले की तो आकडा जवळपास दोनशे अंशांनी खाली येतो. कमी आचेत रस होतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो आणि गोठल्यावर घुमतो. पण कथील वाढवत नेले तर धातू काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणजे नाद आणि तडा यांच्यामधली वाट अगदी अरुंद आहे.

याच ठिकाणी भाषेने आपल्याला अर्धेच सांगितले आहे. 'पाणी' हा आपला लाडका शब्द. तलवारीचे पाणी, माणसाचे पाणी जोखणे. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की कडक होते, त्या अनुभवाशी हा शब्द जुळतो. पण जास्त कथिलाचे कांसे तापवून पाण्यात बुडवले तर उलटे घडते: त्याचा ठिसूळपणा कमी होतो आणि ते ठोकता येते. हवेत हळू निवू दिले तर मात्र ठिसूळ राहते. तांबटही ठोकून ताठरलेले तांबे लाल करून पाण्यात टाकतो, ते नरम करण्यासाठीच. म्हणजे एकच पाणी एका धातूला कडक करते आणि दुसऱ्याला वळण घ्यायला लावते. लोहाराचे पाणी आपल्या वाक्प्रचारात आले, कासार-तांबटांचे आले नाही. एखाद्या कादंबरीकाराला ही गोष्ट ठाऊक असती तर संकटात कडक होणारी आणि संकटातच नरम होणारी अशी दोन माणसे त्याने एकाच भट्टीशेजारी उभी केली असती.

कुणी म्हणेल, लिहिलेलेच नव्हते तर वाचणार काय? हे खरे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ ११२९च्या सुमाराचा. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव येते ते ओवीसाठी. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा त्यात उल्लेख आहे आणि आपण तो अभिमानाने सांगतो. याच ग्रंथाच्या पहिल्या विंशतीत, देवपूजेच्या संदर्भात, मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. मेणाची मूर्ती करावी. जळका कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि मीठ घालून वाटलेली मऊ माती तिच्यावर लिंपावी. थर सावलीत वाळवावेत, पहिला पातळ आणि शेवटचा जाड. मग मेण वितळवून काढावे आणि त्या जागी धातू ओतावा. ग. के. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला या ग्रंथाचा पहिला भाग बडोद्याहून १९२५ साली छापून निघाला. म्हणजे शंभर वर्षे हा मजकूर आपल्यासमोर उघडा आहे. आपण त्यातून ओवी उचलली आणि भट्टी वगळली.

या कृतीत काही आकडे आहेत, आणि तिथे खरी समीक्षा करता येते. मेणाच्या वजनाच्या किती पट धातू घ्यावा? चांदी बारापट, सोने सोळापट. तांब्या-पितळेसाठी अभ्यासकांच्या लिखाणात कुठे आठपट आढळते, कुठे दहापट. आठ, बारा, सोळा ही चढण कानाला गोड लागते म्हणून आठ बरोबर मानावे काय? मी साधा हिशेब केला. मेण पाण्याहून किंचित हलके, तांबे पाण्याच्या नऊपट जड. तेव्हा मेणाची जागा भरायला तांबे सव्वानऊ पट लागते आणि पितळ पावणेनऊच्या आसपास. आठपटीत मूर्तीचे डोके किंवा हात अपुरा राहील. दहापटीत ती भरते आणि वाटेत अडकणाऱ्या, जळणाऱ्या धातूसाठी थोडे उरते. चांदीला अकरापट पुरते. बारापटीत तिथेही तेवढेच उरते. माझ्या मते 'दहा' हाच भट्टीशी जुळणारा आकडा.

सोन्याचे मात्र अडते. शुद्ध सोन्याला सुमारे वीसपट लागते. सोळापट पुरते ती साधारण अठरा कॅरेटच्या हिणकस सोन्याला. यावरून सोन्याच्या मूर्ती शुद्ध सोन्याच्या नसत, असा तर्क करता येतो. तो तर्कच आहे, पुरावा नव्हे. पण प्राचीन ग्रंथाला नमस्कार करून पुढे जाण्यापेक्षा त्याच्या आकड्यांशी असे भांडणे हा त्याचा जास्त मोठा मान आहे. 'आमच्याकडे सगळे होते' म्हणणारे आणि 'ती सगळी पोथीतली वांगी' म्हणणारे, दोघेही तराजू हातात घेत नाहीत.

दायमाबादचेही तसेच झाले. १९७४ साली प्रवरेकाठच्या या गावी हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशा चार ओतीव वस्तू सापडल्या, चारही भरीव, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण एवढा भरीव धातू एका दमात वितळता ठेवायला भाता किती माणसांनी ओढला असेल, हा प्रश्न आपल्या मराठी लेखनात वादाइतका रंगला नाही.

उष्णता मोजायला साधन नसताना ती ताब्यात कशी ठेवत? डोळ्याने आणि कानाने. पितळेत जस्त असते आणि जस्त ९०७ अंशांना उकळते. पितळ वितळते तेही त्याच सुमाराला. आच थोडी कमी पडली तर रस साच्यात अर्ध्यावर थिजतो, थोडी वाढली तर जस्त पांढरा धूर होऊन निघून जाते. ओतारी त्या धुराकडे बघत काम करी. ज्वालेचा रंग आणि रसाच्या पृष्ठावरची साय हाच त्याचा तापमापक. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुडने १७८२ मध्ये भट्टीची आच मोजायला जी युक्ती काढली, तीही मातीचीच होती: मातीचा तुकडा भट्टीत किती आकसतो ते मोजायचे. त्याचे आकडे पुढे चुकीचे ठरले, पण ते छापलेले असल्यामुळे कुणीतरी ते दुरुस्त करू शकले. इटलीत बिरिंगुच्चोचा धातुकामावरचा ग्रंथ १५४० मध्येच छापला गेला आणि त्यात घंटा ओतण्याची रीत सविस्तर होती.

आपल्याकडे ज्याच्या हाती सांडशी होती त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्याच्या हाती लेखणी होती तो भट्टीजवळ गेला नाही. याला जातींची उतरंड कारणीभूत आहे, आणि हे साहित्याच्या अंकात स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यामुळे आपल्याकडचा ओतारी चुकला तरी त्याची चूक पुढच्याला उपयोगी पडली नाही. ती त्याच्याबरोबर गेली.

आज सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आच आकड्यात मोजतात. तिथली भाषा मोल्ड, कोअर, रायझर, पोअरिंग अशी आहे. मला त्या शब्दांचा राग नाही. कामाची भाषा कामाबरोबर येते. खंत वेगळी आहे. गावातल्या भांडी बाजारात पितळी भांड्यांच्या शेजारी स्टील आले, ठोक्यांचा आवाज विरळ झाला, आणि त्यावर आम्ही हळहळीचे ललितलेख लिहिले. माझाही एक आहे. परवा तो पुन्हा वाचला. त्यात आवाज आहे, वास आहे, आजीचा हंडा आहे. हंडा कसा झाला, हे एका ओळीतही नाही. विजयाचे गौरवगान आणि ऱ्हासाची हळहळ, दोन्हींत कारागीर असतो तो देखाव्याला. त्याला काय कळत होते, हे आपण विचारत नाही.

ते गृहस्थ आता ऐंशी ओलांडलेले आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. म्हटले, "काका, पहिल्यापासून सांगा. माती कुठली घ्यायची?"

"आधी बसा," ते म्हणाले. "मातीलाच दोन दिवस लागतील."

वहीची अकरा पाने झाली आहेत. अजून भट्टी पेटलेली नाही.