माफीच्या साक्षीदाराचं वजन

राजूरला येताना कोळशाचे ट्रक दिसले. ड्रायव्हर कितीही प्रामाणिक असो, त्याच्या शब्दावर माल जात नाही; ट्रक वजनकाट्यावर चढतोच. आजचा मुद्दा एवढाच आहे.

गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे, स्वतः कटातला, माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. बडगे त्यांना खरा वाटला. तरीही सावरकरांविरुद्धच्या त्याच्या सांगण्याला स्वतंत्र दुजोरा नव्हता, म्हणून सावरकर निर्दोष सुटले. या निकालावर आजही वाद होतात. पण माणूस खरा वाटणं आणि त्याचं विधान सिद्ध होणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या, हे मला मोलाचं वाटतं.

न्यायदर्शनात ‘आप्त’ कोण? ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. बडगेसारख्याकडे पहिली गोष्ट असते. दुसरीचं काय? सुटकेची आशा समोर असताना इच्छा निखळ कशी राहील? आणि ‘आरोपीनं बराकीत माझ्याजवळ कबुली दिली’ असं सांगणारा कैदी घ्या. त्याच्याकडे तर पहिलीचीही खात्री नाही!

१८७२चा पुरावा कायदा दोन तोंडांनी बोलत होता. एका कलमात दुजोऱ्याविना शिक्षा बेकायदा नाही, दुसऱ्यात असा साक्षीदार दुजोऱ्याविना अविश्वसनीय मानता येईल. २०२३च्या कायद्यानं पहिल्या कलमातही दुजोरा घातला. चांगलं झालं. पण माझं समाधान होत नाही.

कारण बघा, माफी मिळते ती संपूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर. अट मोडली, तो खोटं बोलला, असं प्रमाणपत्र कोण देतं? सरकारी वकील! म्हणजे ज्या पक्षासाठी साक्ष द्यायची, त्याच्याच हाती दोरी. शिवाय आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत हा माणूस कोठडीतच.

मग दुजोरा कशाला हवा? तो अमुक लॉजमध्ये उतरला होता, हे रजिस्टरवरून कळेल. त्यानं तो तिथे होता एवढंच ठरतं. दुसऱ्यानं गुन्हा केला, हे नाही. आणि आरोपपत्रातलाच तपशील बराकीतून ऐकून कोणी कोर्टात सांगितला, तर तो दुजोरा नव्हे, प्रतिध्वनी आहे.

म्हणून विचारायचं ते हे: ज्या आरोपीला शिक्षा होणार, त्याला गुन्ह्याशी जोडणारा, या साक्षीदाराच्या तोंडून न आलेला पुरावा कुठे आहे? काटा हवाच. पण काटा आणि ट्रक एकाच मालकाचे असतील, तर पावतीवर विसंबू नका.