तीन प्रभाकर आणि रिकामी जागा

मराठी मुलखातल्या आधुनिक चित्रकलेत गेल्या साठ वर्षांत काय बदललं, हे पाहायचं तर तीन प्रभाकर शेजारी ठेवावेत: बरवे, कोलते आणि पाचपुते. नाव सारखं असणं हा योगायोग. पण तिघांच्याही चित्रांत रिकाम्या जागेला मोठा मान आहे, आणि ती जागा प्रत्येकाकडे वेगळी आहे.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडून विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत बनारसला गेले. तिथे तंत्रकलेची, म्हणजे तांत्रिक उपासनेतल्या आकृतींवर आधारलेल्या कलेची, ओळख झाली, तिचा प्रभाव सुरुवातीच्या कामावर पडला. पुढे तो ओसरला आणि घड्याळ, पान, शिंपला, ढग अशा ओळखीच्या वस्तू चित्रात आल्या. इनॅमल रंगाच्या सपाट, चकचकीत अवकाशात त्या एकमेकींपासून अंतर राखून असतात. त्यांच्यातलं नातं जुळवायचं काम बरवे प्रेक्षकावर सोपवतात. रिकामी जागा इथे विचाराची आहे.

१९४६ साली जन्मलेल्या प्रभाकर कोलत्यांनी वस्तूच बाजूला सारली. चित्रकार पॉल क्ले पचवून ते स्वतःच्या अमूर्तापर्यंत आले. आधी आकार, रेषा, रंग रचायचे आणि मग एका रंगाच्या थराने त्यातलं बरंचसं झाकायचं. जे उरतं ते चित्र. कोरी वाटणारी त्यांची जागा प्रत्यक्षात खालच्या थरांनी भरलेली असते. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी जे. जे.त शिकवलं. मात्र झाकण्यामागचा निर्णय न समजता केवळ ओघळ आणि पोत उचलणारी चित्रंही त्यानंतर मुंबईच्या गॅलऱ्यांत भरपूर लागली. मुंबईचं अमूर्त साचेबंद झालं ते तिथे.

प्रभाकर पाचपुते १९८६चे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, कोळसा खाणीत राबलेल्या घरातले. खैरागड आणि बडोद्याला ते शिल्पकला शिकले. कोळशानेच ते थेट भिंतीवर चितारतात: धडावर डोक्याऐवजी अवजार घेतलेली माणसं, पोखरलेली जमीन. त्यांची रिकामी जागा म्हणजे खाणीचा खड्डा. प्रदर्शन संपलं की यातली बरीच चित्रं पुसली जातात. आधीच्या दोघांनी चित्राबाहेर ठेवलेलं गाव आणि श्रम इथे परत आले, तेही प्रचारकी न होता.

या प्रवासात एक धागा मात्र तुटला. बरव्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिलं, कोलत्यांनीही मराठीत सातत्याने कलाविचार मांडला. चित्र कसं घडतं हे त्यामुळे मराठी वाचकाला चित्रकाराच्याच तोंडून कळलं. पाचपुत्यांचं काम जगभर पोचलं, पण त्यावरची गंभीर चर्चा बहुतांशी इंग्रजी कॅटलॉगांत होते. सास्तीच्या खड्ड्याचा अर्थ चंद्रपूरच्या वाचकाला इंग्रजीतून शोधावा लागत असेल, तर मागे पडली आहे ती आपली समीक्षा, चित्रकला नव्हे.