देशांची यादी आणि प्रवासाचा अनुभव : 'सर्व देश' प्रवासवर्णनांची चिकित्सा

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची मराठीतील परंपरा दीर्घ आहे. त्या मानाने त्याची समीक्षा मात्र अल्प प्रमाणात झाली आहे. कादंबरी आणि कविता यांना लाभलेले समीक्षक प्रवासवर्णनाच्या वाट्याला आले नाहीत. 'माहितीपर' किंवा 'रंजक' असा शिक्का मारून हा प्रकार बाजूला ठेवला गेला. अशा स्थितीत गेल्या दोन दशकांत इंग्रजीत ठळकपणे पुढे आलेल्या एका उपप्रकाराची दखल आपल्याकडे घेतली गेली नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जगातील प्रत्येक देशाला भेट देण्याचा संकल्प करून तो पूर्ण करणाऱ्या प्रवाशांचे हे लेखन होय. प्रस्तुत लेखात या लेखनातील काही प्रातिनिधिक कृतींच्या आधारे, यादी हे प्रवासाचे प्रयोजन झाले असता प्रवासवर्णनाचे काय होते, याचा विचार केला आहे.

प्रथम संख्येचा प्रश्न. 'सर्व देश' म्हणजे किती? संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य १९३. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन ही दोन निरीक्षक राष्ट्रे धरल्यास १९५. अमेरिकी प्रवासी अल्बर्ट पोडेल यांनी १९६ देश मोजले. डेन्मार्कच्या थोर पेडरसन यांनी २०३. १९५४ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेल्या ट्रॅव्हलर्स सेंच्युरी क्लबची यादी तर बेटे व प्रदेश वेगळे मोजून तीनशेच्याही पुढे जाते. १९९१ पासून स्वतंत्र कारभार करणारा सोमालीलँड संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत नाही. २०११ मध्ये जन्मलेला दक्षिण सुदान आहे. म्हणजे ज्या यादीच्या पूर्ततेसाठी माणसे आयुष्याची दहा-पंधरा वर्षे वेचतात, ती यादी मुत्सद्द्यांनी केलेली असते, प्रवाशांनी नव्हे. भाषा, नदीचे खोरे, व्यापारी मार्ग, तीर्थक्षेत्रांची साखळी ही प्रवासाची जुनी एकके होती. त्यांच्या जागी राष्ट्र-राज्य हे एकक येते तेव्हा रशिया आणि नाउरू यांची किंमत सारखीच होते : प्रत्येकी एक.

या समीकरणाचा परिणाम पुस्तकांच्या रचनेवर थेट दिसतो. पोडेल यांचे 'अराऊंड द वर्ल्ड इन फिफ्टी इयर्स' (२०१५) हे सुमारे साडेतीनशे पानांचे पुस्तक १९६ देशांचा हिशेब देऊ पाहते. सरासरी काढली तर एका देशाच्या वाट्याला दोन पानेही येत नाहीत. साहजिकच निवेदकाला निवड करावी लागते, आणि ही निवड कोणत्या तत्त्वावर होते हे पाहणे उद्बोधक आहे. दंगली, भ्रष्ट पोलीस, बालसैनिक, वादळे, चमत्कारिक खाद्यपदार्थ यांची रेलचेल आहे; ज्या देशात काही 'घडले' नाही तो देश एका वाक्यात संपतो. याच पोडेल यांनी १९६५-६६ मधील मोटारीने केलेल्या जगप्रवासावर हॅरॉल्ड स्टीफन्स यांच्यासह 'हू नीड्स अ रोड?' (१९६७) हे पुस्तक लिहिले होते. एका मोहिमेला एक पुस्तक, ही तिथली मर्यादा निवेदनाला एकसंध कथानक पुरविते. पन्नास वर्षांच्या ग्रंथाला तशी वाट नाही, केवळ शिल्लक देशांचा उतरता आकडा आहे.

जेसिका नाबोंगो यांचा ग्रंथ या दृष्टीने अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. युगांडातून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांची ही डेट्रॉइटमध्ये जन्मलेली कन्या २०१९ मध्ये १९५ देश पूर्ण करणारी पहिली ज्ञात कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तिच्या 'द कॅच मी इफ यू कॅन' (२०२२) या पुस्तकात मात्र शंभरच देश आहेत. उरलेले पंचाण्णव देश यादीत आहेत, पुस्तकात नाहीत. ग्रंथाला हे वगळणे आवश्यकच होते. पण ज्या ठिकाणांबद्दल लिहिण्याजोगे काही उरले नाही तिथे जाण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न पुस्तक स्वतःला विचारीत नाही. नाबोंगो यांचे लेखन जिथे उंची गाठते ती स्थळे विमानतळावरील चौकशीच्या खिडकीसमोरची आहेत. कातडीचा रंग आणि पारपत्राचा रंग यांपैकी सीमेवरचा अधिकारी आधी कशाकडे पाहतो, हे तिला अनुभवाने ठाऊक आहे. या प्रकारातील बहुसंख्य गोऱ्या पुरुष लेखकांना हा प्रश्न पडतच नाही.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने तर हाच मुद्दा कळीचा आहे. भारतीय पारपत्रधारकास बहुसंख्य देशांत जाण्यापूर्वी व्हिसा मिळवावा लागतो. बँकेचे दाखले, परतीचे तिकीट, आमंत्रणपत्र, कधी त्यासाठी दुसऱ्याच देशातील वकिलातीची पायरी. 'इच्छा असेल तर कोणीही जग पाहू शकतो' हा या लेखनातील आवडता उपदेश म्हणूनच आपल्याकडे पोकळ वाटतो. ग्रॅहम ह्यूज या ब्रिटिश प्रवाशाने २००९ मध्ये विमानाविना सर्व देश गाठण्यास आरंभ केला. सेनेगलहून मच्छिमारी होडीतून केप व्हर्देला पोचल्यावर त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. रशियात तर व्हिसाशिवाय सीमेपलीकडे पाऊल टाकून त्याने तो देश 'झाला' असे मानले, जे विक्रमनोंदणीत ग्राह्य ठरले नाही व त्याला पुन्हा जावे लागले. हे प्रसंग साहस म्हणून सांगता येतात, कारण सांगणाऱ्याच्या मागे एक बलिष्ठ राष्ट्र उभे आहे. तीच होडी आणि तेच पाऊल उलट दिशेने पडले तर त्याला घुसखोरी म्हणतात, आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिले जात नाही.

मराठी परंपरेकडे वळले असता विरोध स्पष्ट होतो. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहिल्या आणि 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) या ग्रंथात त्यांनी शाळा, स्त्रियांच्या संघटना, राज्यपद्धती, वर्णभेद यांची चिकित्सा केली. शीर्षकातच 'लोकस्थिति' आधी येते, 'प्रवासवृत्त' नंतर. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) मध्ये निरीक्षण कमी व्यापक असेल, पण निवेदक स्वतःच विनोदाचा विषय होतो. परका देश हास्यास्पद ठरत नाही. मीना प्रभू यांनी 'तुर्कनामा', 'मेक्सिकोपर्व', 'गाथा इराणी' अशी एका देशाला एक ग्रंथ देणारी पद्धत रूढ केली. त्यांच्या लेखनात इतिहासाची माहिती प्रसंगी अनुभवावर भार होऊन बसते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही इराणसारख्या देशाला शेकडो पानांचा अवकाश देण्याची तयारी ही एक वाङ्मयीन भूमिका आहे. तिच्याशी तुलना करता 'सर्व देश' लेखन हे प्रवासवर्णनापेक्षा पूर्तीच्या अहवालाला अधिक जवळचे वाटते.

मात्र या प्रकारातील सगळेच अनुभव एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पेडरसन ऑक्टोबर २०१३ मध्ये घराबाहेर पडले आणि मे २०२३ मध्ये मालदीव येथे त्यांची यादी संपली. विमान नाही, प्रत्येक देशात किमान २४ तास, पूर्ती होईपर्यंत मायदेशी परत जायचे नाही, हे त्यांचे नियम. नऊ देश उरले असताना २०२० च्या आरंभी ते हाँगकाँगला उतरले. मुक्काम चार दिवसांचा ठरला होता; महासाथीमुळे तो सुमारे दोन वर्षांचा झाला. या काळात यादीचा आकडा जागचा हलला नाही, आणि प्रवासी मात्र एका शहराचा रहिवासी बनला. गोडसे भटजींनाही १८५७ च्या वावटळीत अडकावे लागले होते. निघाले होते यज्ञाच्या दक्षिणेसाठी, हाती आला 'माझा प्रवास'. अडकून पडण्याचे हे वाङ्मयीन मोल यादीच्या तर्कात बसत नाही.

कमी पर्यटक जाणाऱ्या देशांविषयी या लेखनाची भूमिका सर्वाधिक चिंताजनक आहे. नाउरू हा २१ चौरस किलोमीटरचा देश त्यात बहुधा 'पाहण्यासारखे काही नसलेला' म्हणून विनोदापुरता येतो. वस्तुतः तिथे पाहण्यासारखे काही उरले नाही यालाच इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तिथले फॉस्फेट खणून नेण्यात आले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या ताब्यात असताना ते त्यांच्या शेतांत खत म्हणून पसरले. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली; १९९३ मध्ये तडजोड झाली. २००१ पासून ऑस्ट्रेलियाने आश्रयार्थींना ठेवण्यासाठी याच बेटाचा उपयोग केला. बेटाच्या मधोमध उभे असलेले चुनखडीचे उघडे सुळके हे 'रिकामपण' नव्हे, तो हिशेबाचा पुरावा आहे. तो वाचण्यासाठी चोवीस तास पुरत नाहीत, आणि ग्रंथालयातले चार तासही या लेखकांनी क्वचितच दिलेले दिसतात.

तुवालूचे उदाहरण याहून बोलके आहे. जगातील सर्वांत कमी पर्यटक येणाऱ्या देशांत त्याची गणना होते, आणि 'बुडण्यापूर्वी पाहून घ्या' हे त्याचे आकर्षण सांगितले जाते. त्याच वेळी तिथले रहिवासी बाहेर पडण्याच्या रांगेत आहेत. ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये झालेल्या व २०२४ मध्ये अमलात आलेल्या करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तिथे स्थायिक होता येते. २०२५ च्या पहिल्या सोडतीसाठी देशाच्या तृतीयांशाहून अधिक लोकसंख्येची नावे नोंदली गेली. फुनाफुटीची धावपट्टी १९४३ मध्ये अमेरिकी सैन्याने युद्धासाठी बांधली. आठवड्यातून मोजकीच विमाने येतात. एरवी संध्याकाळी त्या डांबरावर मुले चेंडू खेळतात, माणसे गप्पा मारीत बसतात. यादी घेऊन आलेल्या प्रवाशाला पुढचे विमान येईपर्यंत तिथून हलता येत नाही, आणि पॅरिस-लंडनला जो चोवीस तासांत उरकतो त्याला इथे दोन-तीन संध्याकाळी याच लोकांसोबत काढाव्या लागतात.